काळुरामच्या डावाचा फोटो

ठाण्याचे वकील नानासाहेब प्रधान पैलवानांचे फोटो जमवून एका वहीत चिकटवत. १८९४ सालच्या एका सकाळी त्यांनी विश्रामपंत कर्णिकांपुढे एक फोटो ठेवला. विश्रामपंत कोर्टातली नोकरी सोडून लोकांची कोडी सोडवत. शेजारी त्यांचे मित्र रघुनाथ वैद्य बसले होते.

"बाळकुमचा काळुराम. एकोणसत्तर सालची कुस्ती, मी स्वतः पाहिलेली. हा डाव त्याचा एकट्याचा. कुठल्याच पैलवानाला त्याने तो शिकवला नाही, आणि महिन्याभरात पटकीने गेला. फोटो अस्सल असेल तर वहीचं पहिलं पान त्याचं," प्रधान म्हणाले.

फोटोतल्या पैलवानाने प्रतिस्पर्ध्याला कमरेवरून उचललं होतं. चेहरा अर्धा वळलेला. उडालेल्या मातीचे कण हवेत स्पष्ट दिसत होते.

फोटो विकणारा दौलत कल्याणचा फोटोग्राफर. "माझ्या गुरूंच्या जुन्या पेटीत सापडला," तो म्हणाला.

"गुरूंच्या काळी फोटोसाठी किती वेळ उभं राहावं लागे?" विश्रामपंतांनी विचारलं.

"आठ-दहा मोजेपर्यंत. जरा हललं की पुसट."

बाळकुमला काळुरामचा मुलगा आनंदा भेटला. तोही पैलवान.

"बापसाचाच फोटो त्यो," आनंदा खाली बघत म्हणाला. "मी त्याला बगला नाय. त्यो गेला तवा मी पोटान व्हतो."

विश्रामपंतांनी त्याच्या आईला, सखुबाईंना, फोटो दाखवला. "डाव बरोबर आहे?"

"डाव त्योच हाय. पन डावा पाय आजून भायेरच र्‍हातंय. किती येला सांगला!"

बाहेर पडताच वैद्य म्हणाले, "झालं. बायकोनेच ओळखलं!"

"हो, ओळखलं खरं," विश्रामपंत हसले.

दोन दिवसांनी त्यांनी सगळ्यांना प्रधानांच्या अंगणात बोलावलं.

"एकोणसत्तर साली काचेवर चित्र उमटायला आठ-दहा मोजावे लागत. मग उडती माती स्थिर कशी? अशी झटपट काच आली अलीकडे दहा-बारा वर्षांत. तेव्हा काळुराम कुठे होता?"

दौलतने मान खाली घातली.

"मग हा कोण?" प्रधानांनी विचारलं.

"ज्याला डाव येतो तो. मेलेल्या माणसाला कुणी 'आजून' म्हणून रागावत नाही. सखुबाई शिष्याची चूक काढत होत्या. हा आनंदा. आणि त्याचा वस्ताद, त्याची आई."

आनंदाचे डोळे भरले. "सायेब, तुमच्या वहीत सगले पैलवान हायेत. माझा बापूसच नाय. लोक त्याचा नाव इसरतील, म्हून मीच दौलतला गल घातली."

"पण बाई, तुम्हाला डाव कसा येतो?" वैद्यांना राहवेना.

सखुबाई लाजल्या. "मिठागरानचा काम झाला का त्यो माझ्यावरच करून बघायचा. गुडघाभर चिखलान आपटायचा. मंग मी त्याला आपटायची."

प्रधानांनी वहीचं कोरं पहिलं पान उघडलं. मग त्यांनी दौलतला कॅमेरा लावायला सांगितलं.

"दाखवा, बाई."

सखुबाईंनी पदर खोचला, लेकाचं मनगट धरलं. पुढच्या क्षणी तो दांडगा पैलवान अंगणात उताणा पडून खदखदून हसत होता.