पट्टीच्या वरचा उजेड

"माझ्या दादानं माझ्या नवऱ्याला मारलं का, एवढंच सांगा."

एवढं बोलून त्या बाईनं पिशवी टेबलावर रिकामी केली. पाकीट, किल्ल्या, काच फुटलेलं घड्याळ आणि पिवळ्या मुठीचा एक लांब, बारीक स्क्रूड्रायव्हर. मेलेल्या नवऱ्याच्या अंगावरचं सामान पोलिसांनी परत दिलं होतं.

खासगी तपासाचं काम वहिनींचं. भाऊजी, म्हणजे त्यांचा धाकटा दीर, गाडी चालवी आणि सगळ्यांना कळून चुकल्यावर शंका काढी. त्या दिवशी मात्र त्याला बाईकडे बघवत नव्हतं.

हकिगत सरळ होती. दादाचं गॅरेज, नवरा तिथंच कामाला. लाकडाच्या वखारीची पिकअप पुढून वाकलेली दिसते म्हणून वखारीच्या मालकानं दादाकडून तिचा पुढचा भाग उंच करून घेतला. पुढचा भाग वर गेला की दिव्यांचा झोतही वर जातो, म्हणून दिवे पुन्हा खाली वळवावे लागतात. दोनच दिवसांनी वळणावर त्या पिकअपचा झोत नवऱ्याच्या डोळ्यांवर आला आणि तो मोटरसायकलसकट नाल्यात गेला. पोलीस म्हणाले, दिवे खाली करायला मेकॅनिक विसरला.

"दादा म्हणतो, विसरलो असेन. उद्या कोर्टात कबूल करणार आहे. मला त्याचं तोंड बघवत नाही, आणि माहेर म्हणून दुसरं कोणी नाही."

वहिनींनी स्क्रूड्रायव्हर उचलून पाहिला. "हा ठेवून घेऊ?"

गॅरेजात दादा स्टुलावर बसून होता. दाढी वाढलेली, समोरचा चहा गार झालेला.

"समोरच्या स्प्रिंगांवर दोन बोटं जाडीचे ठोकळे बसवले," तो म्हणाला. "मग गाडी भिंतीसमोर उभी करून दिव्यांचे झोत त्या पट्टीवर जुळवून लावले. म्हणजे, नेहमी लावतो. त्या दिवशी लावले का? रोज रात्री आठवतो आणि रोज वेगळंच आठवतं."

भिंतीवर काळ्या चिकटपट्टीची आडवी रेघ होती.

"अपघाताच्या दिवशी वखारीच्या मालकाचा काही निरोप?" वहिनींनी विचारलं.

"ठाऊक नाही. दुपारभर बायकोला घेऊन दवाखान्यात होतो. गॅरेज बहिणीच्या नवऱ्यावर टाकलेलं."

वखारीत पिकअप उभी होती. अपघातानंतर तिला कोणी हात लावला नव्हता.

"मी दिव्यांना शिवलोसुद्धा नाही," ड्रायव्हर घाईघाईनं म्हणाला. "हत्यारं म्हणाल तर जॅक आणि पाना, बास. गाडी उचलायच्या आधी दोन्ही झोत अगदी एका रेषेत पडायचे. उचलल्यावर पायाशी पडायला लागले. मालकांना तसं म्हटलं, आणि अपघाताच्या संध्याकाळी पाहतो तर लांब पडतायत. म्हटलं, मालकांनी बघितलं असेल."

मालक चष्मा पुसत राहिले. "गॅरेजला फोन केला होता. फोनवर कोण होतं म्हणता? गॅरेजवालाच बोलला. मी काही हात लावला नाही."

वहिनींनी बॉनेट उघडलं. डाव्या दिव्यामागं झोत वर-खाली करायच्या स्क्रूपाशी मोकळी जागा होती. उजव्याच्या स्क्रूपुढं बॅटरी आडवी येत होती. तिच्या कडेवर बोट फिरवून त्या म्हणाल्या, "भाऊजी, इथं पिवळा ओरखडा आहे."

"रंग लागला असेल कसला तरी," भाऊजी म्हणाला.

"असेल," वहिनी म्हणाल्या आणि वितीनं दोन्ही पुढच्या चाकांवरची फट मोजली. सारखी निघाली.

दुपारी सगळे गॅरेजात जमले. पिकअप भिंतीसमोर उभी करून दादानं शटर ओढलं. वहिनींनी दिवे पेटवायला सांगितले.

दोन्ही झोत पट्टीच्या वर पडले. उजवा वीतभर, डावा दोन विती.

"वरच आहेत की," भाऊजी पुटपुटला. "पोलिसांचंच खरं."

"नीट बघा. दादांनी लावलेले दिवे तसेच राहिले असते तर दोन्ही झोत पट्टीवर पडले असते. विसरले असते तर दोन्ही सारखेच वर गेले असते. आधी ते एका रेषेत होते आणि गाडी दोन्हीकडून सारखी उचललीय. विसरलेलं काम एका बाजूला कमी आणि एका बाजूला जास्त विसरता येत नाही."

"म्हणजे मागाहून कोणीतरी फिरवले!" भाऊजी म्हणाला.

"अंदाजानं, भिंतीशिवाय. झोत पायाशी पडतो अशी ड्रायव्हरची तक्रार होती, म्हणजे दादांनी दिवे खाली केलेच होते. मग त्याच संध्याकाळी ते वर कसे गेले? ड्रायव्हरकडे जॅक आणि पाना. दिव्यामागच्या फटीत लांब, बारीक हत्यारच जातं. डावीकडे ते मोकळं फिरलं. उजवीकडे मूठ बॅटरीला घासली, म्हणून झोत निम्माच चढला." पुढचं बोलायचं वहिनींच्या जिवावर आलं होतं. "मूठ पिवळी होती. आणि मालकांनी फोन केला त्या दुपारी दादा दवाखान्यात होते."

पिवळा स्क्रूड्रायव्हर त्यांनी बॉनेटवर ठेवला.

मालक खाली बसले. "यांचा नवराच वखारीत आला होता. आत्तापुरते वर करतो, उद्या गॅरेजात आणा, भिंतीवर नीट लावू, म्हणाला. मीच आग्रह केला हो. पोलिसांना सांगायची भीती वाटली."

आता कुठं भाऊजीच्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं असं त्याला वाटलं. स्वतःच वर केलेला झोत त्याच रात्री त्या माणसाच्या डोळ्यांवर आला होता.

दादा ओंजळीत तोंड लपवून रडत होता. सुटल्याचं रडणं ते नव्हतं. बाई मात्र रडली नाही. तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला, पदरानं पुसला आणि पिशवीत ठेवला.

"इतके दिवस तुला शिव्याशाप देऊन झोप तरी लागायची," ती भावाला म्हणाली. "आता मी कोणावर रागवू? तू विसरला असतास तर बरं झालं असतं रे, दादा."

"हो गं," दादा म्हणाला.

दिवे बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. शेवटी भाऊजीनं आत हात घालून ते बंद केले.