शेवटच्या तेरा फळ्या

२०१९ साल, जानेवारीचा शेवटचा आठवडा. थंडी कडाक्याची. माझ्या ओळखीतल्या एका क्रेनवाल्याची ही गोष्ट. एकदाच सांगतो, मध्ये बोलू नका.

सकाळी त्याला ठेकेदाराचा फोन आला. खाडीतला धक्का बोटींच्या वाटेत येतो, तोडायचाय.

क्रेनवाला पोचला. धक्का लाकडी, होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. त्याच्या उजव्या पायाला अंगठा नव्हता, लाकूड तासताना तासणीने गेलेला. त्याने शिक्क्याचा परवाना पुढे धरला.

"बोटींना साठ हात वाट मोकळी आहे. मोजून बघ, बाबा."

क्रेनवाल्याने ठेकेदाराच्या हातातला हुकुमाचा कागद वाचला. त्यात वळणापलीकडचा लोखंडी धक्का लिहिला होता.

"साहेब, हा तो नव्हे."

"तुला क्रेन चालवायला ठेवलंय की वकिली करायला?" ठेकेदार म्हणाला.

क्रेनवाल्याने क्रेन सुरू केली. तासाभरात धक्का आडवा. मग मेल्या जनावरावर गिधाडं पडावीत तशी माणसं सागवानी फळ्यांवर पडली. टोकाच्या तेरा फळ्या क्रेनवाल्याने नेल्या आणि घराच्या माडीवरच्या मागच्या सज्ज्याला जमीन म्हणून ठोकल्या. सांगतानाही तोंड कडू होतं.

म्हातारा चाळीस वर्षं रोज अंधारात धक्क्याच्या टोकाला कंदील लावायला जायचा. पायांना वाट पाठ. चौथ्या रात्री पाय सवयीने निघाले. फळ्या नव्हत्या. तो परत आला नाही.

एकोणीस फेब्रुवारी, पौर्णिमा. रात्रीचे सव्वाबारा, खाडीला भरती. बायकोने क्रेनवाल्याला हलवलं.

"अहो, सज्ज्यावर कोण चालतंय?"

"मांजर असेल."

"मांजर दोन पायांवर कधीपासून चालायला लागलं?"

तो उठला. दार उघडलं, तर सडक्या मासळीचा भपकारा. फळ्या ओल्या, शेवाळाने बुळबुळीत. खालून हात घातला तर जिवंत शिंपल्या, तोंडं उघडी. सुरीने खरवडल्या तसं पिवळं पाणी मनगटावर ओघळलं. तो तिथेच ओकला.

ओहोटीला सगळं कोरडं. दुसऱ्या रात्री, भरतीला, पुन्हा पावलं.

एक... दोन... तेरा.

मग काही नाही. परत येणारं पाऊल नाही.

आठव्या रात्री त्याला जाग आली ती उभ्यानेच. कठड्याच्या पलीकडे. तेराव्या फळीच्या कडेवर. एक पाय हवेत.

बायकोने मागून सदरा धरला होता.

"कुठे निघालात?"

"कंदील..."

तिने त्याला आत ओढलं.

सकाळी त्याने फळ्या उखडल्या. बंदराच्या कचेरीत जाऊन लिहून दिलं, चुकीचा धक्का मी पाडला, माहीत असून पाडला. ठेकेदाराने त्याला हाकललं. कचेरीने म्हाताऱ्याच्या मुलीला धक्का पुन्हा बांधायची परवानगी दिली. क्रेनवाला एकटा राबला. दोन महिने, बिनमजुरीचा. मुलीने त्याला कधी पाणी विचारलं नाही, त्याने मागितलं नाही.

टोकाच्या तेरा फळ्या जुन्याच बसल्या. त्या संध्याकाळी मुलीने कंदील आणून त्याच्या हातात दिला. त्याने टांगला.

उजाडताना दोघं टोकाशी गेले. तेराव्या फळीवर ओली पावलं होती. अनवाणी. उजव्याला अंगठा नाही.

पावलांचं तोंड घराकडे.

मुलीने कंदील विझवला.

"फिटलं," ती म्हणाली.