आठवी नक्कल

जुन्या कॅसेट साफ करून देणाऱ्या त्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. त्याचा कान होताच तसा. पंखा बंद पडायच्या दोन दिवस आधीच तो सांगून मोकळा व्हायचा. भुताखेतांच्या गोष्टी मात्र या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचा. त्याची खोली शिंप्याच्या दुकानावर होती आणि एक टाका चुकवून चालणाऱ्या खालच्या मशीनची खडखड दिवसभर फरशीतून वर यायची.

दुपारी तीनला एक शाळामास्तरीण तीन कॅसेट घेऊन आली. बोटांना अजून खडू लागलेला होता.

"माझ्या दादाच्या बँडचा डेमो आहे," ती म्हणाली.

त्या डेमोची कीर्ती कानसेनला ठाऊक होती. तीस वर्षांपूर्वी चार पोरांनी तोंडाला पांढरा रंग फासून, एका तळघरात, एकुलत्या एक स्वस्त माइकवर केलेलं ते ब्लॅक मेटल जातीचं रॉक संगीत. गाणं कसलं, गळा फाटेस्तोवर किंचाळणं आणि मागे गिटारची न थांबणारी घरघर! कॅसेट निघाल्या जेमतेम वीस. पण लोकांनी नकलेवरून नक्कल काढली, आणि आता तसं संगीत करणारी मंडळी तोच घोगरा आवाज मिळावा म्हणून चांगलं रेकॉर्डिंग हाताने बिघडवतात. गाणारा पोरगा मात्र त्या दिवशी तळघरातून वर आलाच नाही. तळघराला दुसरं दार नव्हतं. पोलिसांनी भिंतीसुद्धा ठोकून पाहिल्या होत्या.

"शेवटच्या गाण्यानंतर दादा काहीतरी बोलतो," ती म्हणाली. "ते मला हवंय. आई अजून दाराला कडी लावत नाही हो. ब्याऐंशीची झाली, एकटी असते, पण दार उघडं. तिला काहीतरी सांगायला नको का मी?"

पहिली कॅसेट मूळ टेपवरून काढलेली होती. कानसेनने हेडफोन लावले. गाणी संपली, मग अकरा सेकंद खरखर, आणि त्यातच खूप लांबून पावलं.

"दोघं आहेत," तो म्हणाला. "एक हलका चालतो, एक जड."

"छे. बाकीचे तिघं वर जेवायला गेले होते. दादा एकटाच होता खाली."

दुसरी कॅसेट म्हणजे चौथी नक्कल. खरखर वाढली होती, ते बरोबरच होतं. पण पावलं जवळ आली होती. त्याने आवाजाचं बटण तपासलं, डेकचं हेड स्पिरिटने पुसलं आणि पुन्हा लावलं. पावलं जवळच होती.

"नकलेगणिक आवाज बुडत जातो," तो जरा चिडूनच म्हणाला. "वर येत नाही. बत्तीस वर्षं हेच करतोय मी."

"म्हणून तर आले तुमच्याकडे."

तिसरी कॅसेट सातवी नक्कल होती. आता तो पोरगा हाताच्या अंतरावर श्वास घेत होता. बोलतही होता, पण नेमक्या त्याच्या शब्दांवर ती जड पावलं पडत होती. एकही शब्द सुटत नव्हता. जणू कोणी मोजून पाय टाकत होतं.

"ती पावलं काढता येतील?"

"येतील की. त्यात काय एवढं!" कानसेन म्हणाला खरा. पण अशा वेळी माणसाने हात मागे घ्यावा. त्याने घेतला नाही. बत्तीस वर्षांचा कान पणाला लागला होता.

सातवी नक्कल त्याने कंप्युटरवर घेतली. जड पावलं वेगळी काढून एका फाइलमध्ये ठेवली आणि उरलेला आवाज वायरीतून थेट नव्या कॅसेटवर उतरवला. खोलीत माइक नव्हता. कधीच नसायचा.

आठवी नक्कल त्याने स्पीकरवर लावली.

खरखर. हलकी पावलं. ती थांबली.

"चिमे," आवाज म्हणाला.

शाळामास्तरणीने तोंडावर हात दाबला. तिला त्या नावाने फक्त दादाच हाक मारायचा.

"चिमे, आईला सांग, कडी लाव."

एवढंच. अकरा सेकंद संपले.

कानसेनने टेप मागे घेतली, हेडफोन लावून पुन्हा ऐकली. टेपवरच त्या शब्दांमागे आणखी एक आवाज होता. शिलाई मशीनची खडखड. खालच्या मशीनची, एक टाका चुकवून चालणारी. म्हणजे ते शब्द तळघरात नाही, आत्ता या खोलीत बोलले गेले होते.

त्याने घाईघाईने ती वेगळी काढलेली फाइल उघडली. लांबी तीच, अकरा सेकंद. पण आत सरळ रेघ. पावलं नव्हती.

"आईला फोन करा," तो म्हणाला. "आत्ता."

तिने नंबर लावला. आईने लगेच उचलला.

"आई, ऐक, आधी दाराला कडी लाव!"

"कडी कशाला आता?" आईचा आवाज हसरा होता. कित्येक वर्षांत तो तसा ऐकला नव्हता तिने. "अगं, आला तो. आत्ताच आला. तोंडाला तोच मेला पांढरा रंग, काही बोलत नाही, पण आला. पाणी द्यायला उठलेय मी."

"आई, तो दादा नाही!"

"काहीतरीच काय! दुसरं कोण येणार आहे गं?" आई म्हणाली. "फक्त पावलं किती जड पडतात आता त्याची."