हवेची वजाबाकी

आरोपी खोटं बोलतात, याचं न्यायसहायक प्रयोगशाळेत कुणाला नवल नसतं. पण टेम्पोचालक हनमंत खोत तीन महिने कोठडीतून एकच गोष्ट सांगत होता, एकही शब्द न बदलता, आणि तरुण रसायनतज्ज्ञ इरफान मुजावरला तेच खात होतं.

"माझ्यापुढं एक जुनी गाडी होती, साहेब. बोगदा झाडणाऱ्या बाईला तिनं उडवलं आन् काळा धूर सोडत निघून गेली. मी थांबलो, म्हणून सापडलो."

प्रमुख डॉ. शाल्मली पेंढरकरांपुढे अहवाल होता. फक्त सही बाकी होती. अकरा वाजता तो न्यायालयात गेला की खोतला जन्माची अद्दल घडणार होती.

"अरे, गाडी होती तर तिचा धूर कुठे गेला?" त्या वैतागल्या. "बोगद्यातली हवा दर मिनिटाला नळीत बंद होते. आपला वस्तुमानमापक त्यातले हायड्रोकार्बनचे रेणू फोडतो आणि तुकड्यांची वजनं करतो. प्रत्येक इंजिन आपापल्या झिजेप्रमाणे तेल अर्धवट जाळतं, म्हणून प्रत्येकाचा धूरठसा वेगळा. शहरातले सगळे ठसे नोंदलेले आहेत. त्या मिनिटात एकच निघाला, खोतचा."

"वजाबाकीनंतर, मॅडम."

वजाबाकी ही तिथली जुनी रीत. रोज सकाळी आवारातली हवा मोजायची, तिच्यात जे ठसे सापडतील ते प्रयोगशाळेचे स्वतःचे समजायचे आणि प्रत्येक नमुन्यातून पुसायचे. आवारातल्या हवेत नेमकं काय असतं, हे अकरा वर्षांत एकाही विद्वानाने विचारलं नव्हतं. सवय लागली की डोकं कोण चालवतो!

"मी काल वजाबाकी न करता मोजलं," इरफान म्हणाला. "ठसे दोन आहेत. दुसरा आपल्या सकाळच्या हवेत रोज असतो, पण बोगद्याच्या आधीच्या-नंतरच्या नळ्यांत नाही. आवारातली हवा खेचणारा पंप पार्किंगला लागून आहे ना. म्हणजे आपल्या आवारात रोज येणारं इंजिन आपल्या यंत्राला दिसतच नाही."

त्याने कागद पुढे सरकवला. शाल्मलीताईंनी नोंदणी क्रमांक वाचला. गाडी त्यांचीच होती.

अपघाताच्या दिवशी त्या नागपूरला परिषदेत होत्या. गाडी निषादकडे, त्यांच्या मुलाकडे होती. परतल्या तेव्हा बंपर नवा होता. "कुत्रं आडवं आलं गं आई," तो म्हणाला होता, आणि त्यांनी त्यालाच जेवायला वाढून समजूत घातली होती.

त्यांनी अहवाल फाडला, इरफानच्या कागदावर दुसऱ्या ठशापुढे स्वतःचा पत्ता लिहिला आणि खाली सही केली.

"न्यायालयात तू जा. पोलिसांनाही हा पत्ता दे. आणि मला रिक्षा बोलाव."

"मॅडम, तुम्ही कुठे..."

"घरी. त्याला उठवायला."