घंटेतलं गवत

ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला की वरच्या कुरणातली खेचरं खाली आणायची, हे आयडाच्या घरचं दरवर्षीचं काम. यंदा फरक एवढाच की नवरा, ड्युएन, नव्हता. त्याच्या जागी शेजारचा म्हातारा ऑर्व्हिल आला होता आणि दुपारभर स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत होता.

खेचरांची एक गंमत असते बघा. ती माणसाला जुमानत नाहीत, घोडीच्या गळ्यातल्या घंटेला जुमानतात. घंटेवाली घोडी जाईल तिकडे सगळी निमूट मागे. आयडा त्याच घोडीवर बसली होती, म्हाताऱ्या पर्लवर. मागे आठ खेचरं, आणि घंटा संथ वाजत होती.

तीच घंटा जूनमध्ये, खेचरं वर नेली तेव्हा, कुरणातल्या तळावर आयडाला सहन होईना. डोकं ठणकत होतं, म्हणून तिने मूठभर गवत आत कोंबलं आणि काढायला विसरली. संध्याकाळी पर्ल भरकटली. घंटेच्या आवाजावर ती सापडेल म्हणून ड्युएन पायीच निघाला. आवाज येणार कुठून? सकाळी पर्ल आपण होऊन परतली. ड्युएनची नुसती टोपी सापडली, आणि तिच्याभोवती डोंगरी सिंहाची, त्या मोठ्या जंगली मांजराची, पावलं. आयडाने ते गवत गुपचूप काढून फेकलं. कुणाला सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठे होतं?

पाइनच्या दाटीत पर्ल एकदम थांबली. कान टवकारलेले, नाकपुड्या फुगलेल्या, अंगभर कापरं. मागची खेचरंही जागच्या जागी थिजली. मांजराच्या मुतासारखा उग्र दर्प आला.

"मांजरच आहे," ऑर्व्हिल बंदूक काढत पुटपुटला. "घोडी वळवू नकोस, पोरी. पाठ दिसली की झेपच घेतं."

तेवढ्यात वरच्या धुक्यातून आवाज आला. टण... टण...

"कुणाची घोडी आहे वर?" आयडाने विचारलं.

"या डोंगरावर दुसरी घोडी नाही."

पर्ल घशातल्या घशात हलकेच खिंकाळली. असा लाडिक आवाज ती एकाच माणसाला काढायची, ओटच्या दाण्यांची बादली घेऊन येणाऱ्याला. ती भीतीने थरथरत होती आणि लाडातही येत होती.

"ड्युएन...?"

"हाक मारू नकोस..."

खेचरं वळली. आठही, एकामागून एक, शांतपणे, त्या आवाजाकडे धुक्यात चढत गेली. ऑर्व्हिलने शेवटच्या खेचराच्या गळ्यातला दोर ओढला, हातावरची सालटी निघाली, पण एकही थांबलं नाही.

आयडाला रडू फुटलं. "गवत मी कोंबलं होतं रे... मी विसरले. ऐकतोयस ना?"

वरची घंटा थांबली.

ऑर्व्हिलने तिच्याकडे पाहिलं नाही. पर्लचा लगाम धरून तो खाली उतरू लागला. घर आलं तेव्हा आयडाच्या ध्यानात आलं की तिथून इथवरच्या अख्ख्या वाटेत पर्लच्या गळ्यातली घंटा वाजलीच नव्हती.

अंगणात उतरून तिने घंटेत बोटं घातली. आत मूठभर गवत गच्च कोंबलेलं होतं. हिरवंगार, ओलसर, जूनमधलं. तिच्या बुटांखाली घोट्याएवढा बर्फ होता.