लाल पाण्याची वाट

"हलू नका कुणी," टिटवी खड्ड्यात पालथी पडून म्हणाली. तिचा कान एका सपाट दगडाला चिकटला होता. "याच्या खाली पाणी वाहतंय."

"तुझ्या कानात वाहत असेल," पंडित म्हणाला. पण त्यानंही कान लावला आणि डोळे विस्फारून टिटवीकडे पाहिलं. टिटवीचा धाकटा भाऊ गोटी तर दगडावरून उठेचना.

टिटवीला हे नाव तिच्या आवाजावरून पडलं होतं आणि पंडितला, न विचारता सल्ले देण्यावरून. सुट्टी लागल्यापासून तिघं टिटवीच्या मावशीबरोबर उत्खननाला येत होती. टेकडीखालच्या या मोकळ्या जागेत गाड्या लावायचा तळ होणार होता. त्याआधी जमिनीत जुनं काही आहे का, ते बघायला मावशीला आणि गावातल्या हौशी मंडळींना मुदत मिळाली होती. शिंपीकाका, शाळेतल्या बाई, निवृत्त पोस्टमन, सगळे खुरपी घेऊन माती खरवडत होते. हाती लागली ती फक्त खापरं. आज मुदत संपत होती, आणि ती वाढवून मागायला मावशी नगरपालिकेत गेली होती.

तेवढ्यात खोदाईचं यंत्र घरघरत आत आलं. मागून ठेकेदार आणि हातात नकाशा घेतलेल्या, नगरपालिकेच्या इंजिनिअर मॅडम.

"उठा पोरांनो, मातीत खेळून झालं असेल तर," ठेकेदार म्हणाला.

"काका, इथे खाली जुना पाट आहे. पाणी ऐकू येतंय," टिटवी म्हणाली.

"फुटका नळ असेल."

मॅडमनी नकाशा पाहिला. "इथून नळ गेलेलाच नाही."

टिटवीचं डोकं भराभर चालू लागलं. वर टेकडीवर रोपवाटिकेमागे झरा होता. त्याचं पाणी भिंतीतल्या एका भोकात शिरायचं, पण ते पुढे कुठे जातं, असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. आणि खाली चौकात दगडी कुंडी. घरोघरचे नळ कोरडे पडले तरी ती वाहायची. दोन्हींच्या बरोब्बर मध्ये हा खड्डा!

"हा पाट तुटला, तर चौकातलं पाणी बंद होईल," ती म्हणाली.

ठेकेदार खो खो हसला. "मग दाखव सिद्ध करून. यंत्रवाल्याचा चहा होईपर्यंत वेळ देतो."

"मला चहा सावकाश प्यायची सवय आहे," यंत्रवाला गंभीर चेहऱ्यानं म्हणाला आणि टिटवीकडे पाहून डोळा मिचकावला.

पंडितनं सुताराकडून पोतंभर भुसा आणला. तिघं धापा टाकत झऱ्यावर पोचली. भुसा भोकात ओतला, तसा तो गपकन आत खेचला गेला. मग पायऱ्या उतरून थेट चौक. मॅडम आणि ठेकेदार कुंडीपाशी उभेच होते.

पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ. भुशाचा एक कणही नाही.

"फिटली हौस?" ठेकेदारानं विचारलं.

टिटवीचा चेहरा पडला. गोटीनं तिची बाही ओढली. "ताई, अडकला असेल. आपल्या मोरीत अडकतो ना कचरा, तसा."

टिटवी त्याच्याकडे बघतच राहिली. "अडकला नाही, अडवलाय! त्या सपाट दगडाखाली हौद असणार. गाळ तळाला बसावा आणि स्वच्छ पाणी पुढे जावं म्हणून बांधलेला. आपल्याला पाण्यातच विरघळेल असं काहीतरी हवं."

समोरच खानावळ होती. काकूंनी ढीगभर बीट उकडले होते. लालभडक पाण्याचं पातेलं त्या ओतायलाच निघाल्या होत्या. पंडित आणि गोटी ते पातेलं धरून पुन्हा टेकडी चढले. सदरे लाल झाले, पण बरंचसं पाणी झऱ्यापर्यंत पोचलं.

टिटवी कुंडीवर वाकून बसली. ठेकेदारानं यंत्रवाल्याला हाक मारली.

"दुसरा चहा सांगितलाय," खानावळीतून उत्तर आलं.

पाणी स्वच्छच होतं. मग धारेत एक बारीक गुलाबी रेघ दिसली. बघता बघता ती रुंदावली आणि अख्खी कुंडी गुलाबी झाली.

मॅडमनी ओंजळ भरून पाणी निरखलं. "यंत्र मागे घ्या," त्या म्हणाल्या. "नकाशा बदलावा लागेल."

मावशी परतली तेव्हा खड्ड्याभोवती सगळा गाव जमला होता. सगळ्यांनी मिळून तो सपाट दगड अलगद सरकवला. खाली चुन्यानं गिलावा केलेला चौकोनी हौद होता आणि भाजलेल्या मातीच्या नळातून त्यात पाणी पडत होतं. मावशी हौदाच्या काठाशी गुडघे टेकून बसली.

"इतके दिवस आम्ही डोळे फोडून शोधत होतो," ती म्हणाली. "तुम्ही नुसता कान लावलात. शाबास रे!"

पोस्टमन आजोबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. ठेकेदार मान लांब करकरून आत डोकावत होता. "बांधलं कुणी असेल हो हे?" त्यानं हळूच विचारलं.

"मॅडमच्या कृपेनं आता मुदत वाढलीय. शोधू या," मावशीनं त्याच्या हाती एक खुरपी दिली. "पण बूट काढून उतरा."

ठेकेदारानं मुकाट्यानं बूट काढले.