सुई नसलेली तपासणी

शेजारणीचं बाळ सुनेच्या मांडीवर नुकतंच कुठे डोळे मिटत होतं, तोच सासूबाईंनी ते उचलून घेतलं...! "नको गं बाई, तुझी नजर लागायची," एवढंच म्हणाल्या. पण भरल्या घरात ते शब्द असे पडले, की ती कोवळी ऊब निघून गेली तरी तिचे हात तसेच उघडे राहिले. दारात तिचा नवरा उभा होता, बेकरीतून आलेला, भुवयांवर पीठ. त्याने सगळं पाहिलं.

आता खरं सांगायचं तर हे दुखणं तिनेच ओढवून घेतलं होतं! मूल होत नाही म्हणून सुया, औषधं, नाना तपासण्या सोसून झाल्यावर डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या होत्या, "तुमच्यात काही दोष नाही, आता यजमानांना पाठवा." पण नवऱ्याचे वडील किरकोळ दुखण्यासाठी इस्पितळात गेले, ते परत आलेच नव्हते; तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं तरी त्या धिप्पाड माणसाला कापरं भरायचं. मग या वेडीने घरी येऊन सांगून टाकलं, "दोष माझ्यातच आहे..." सगळ्यांनी विश्वास ठेवला. त्यानेही ठेवला, कारण ते सोयीचं होतं.

त्या संध्याकाळी मात्र त्याने विचारलं, "खरं सांग. तुला नक्की काय सांगितलं होतं?"

खोटं तिच्या ओठांवर आलंच नाही. "माझं सगळं ठीक आहे," ती पुटपुटली. "तुम्हाला कापाकापीची भीती वाटते ना... म्हटलं, राहू दे."

सकाळी भट्टी न पेटवताच तो तिच्याबरोबर दवाखान्यात निघाला.

आणि कुठली कापाकापी नि कुठलं काय! एका बंद खोलीत नमुना द्यायचा, मग सोनोग्राफी, तीही बाहेरूनच. अंधारलेली खोली, थंडगार जेल, पडद्यावर तरंगणारे करडे ढग... मधूनच यंत्रातून रक्त वाहिल्याचा सूं-सूं आवाज, दूरच्या समुद्रासारखा. ती त्याचा हात धरून बसली होती; तिला वाटत होतं, आपण दोघं खोल पाण्याखालून चाललो आहोत, आणि इथवर कुणाचीच जीभ पोचत नाही...

"सुई कधी टोचणार?" त्याने डोळे घट्ट मिटून विचारलं.

"अहो, झालीसुद्धा तपासणी!" डॉक्टर हसले.

नमुन्यात बीज कमी होतं, वृषणाजवळच्या शिरा फुगल्या होत्या. खात्री कुणीच देत नव्हतं, पण उपाय होता. तो ते ऐकतच नव्हता. "एवढंच होतं?" तो म्हणाला. "एवढ्याला मी घाबरलो... आणि तू इतकी वर्षं...!" भट्टीपुढे कधी न डगमगलेला तो गडी तिथेच ढसाढसा रडला.

घरी येऊन त्याने चपलाही काढल्या नाहीत. "आई, दोष माझ्यात आहे. हिच्यात कधीच नव्हता."

सासूबाई लेकाकडे नाही, सुनेकडेच बघत राहिल्या. "मग तू बोलली का नाहीस गं? माझं एवढं ऐकून घेतलंस?"

"तुमचं एकुलतं एक लेकरू ते..." ती हलकेच म्हणाली. "लोकांनी त्याला नावं ठेवलेली तुम्हाला सोसली नसती, आई."

"आणि तुला ठेवलेली सोसली गं मला!" म्हातारीने हंबरडा फोडला. "सोसली कसली... ठेवणारी मीच होते!"